साठीपुढची लीग

१ मार्च २०२५, शनिवार

संघाची यादी आज स्टार्टरच्या खिडकीशेजारी लागली. आठ नावं. माझं सातवं, डॉक्टरबाईंचं आठवं, म्हणजे जोडी आमची ठरली. चार क्लब, साठी पूर्ण झालेले हौशी खेळाडू, प्रत्येक सामन्यात चार जोड्या. खेळ गोल्फचा, प्रकार फोरबॉल: चौघांचे चार चेंडू आणि दर होलला जोडीत ज्याचे फटके कमी, त्याचा आकडा धरायचा. जोडी जिंकली तर संघाला एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा. साखळीतले पहिले दोन संघ १२ एप्रिलला अंतिम सामना खेळतील.

यादीसमोरून कुणी लवकर हललं नाही. पाणीपुरवठा खात्यात होतो तेव्हा माझ्या सहीवाचून जलवाहिनीचं काम पुढे सरकत नसे. निवृत्तीनंतर आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे हळूहळू अंगवळणी पडतं. आता पुढचा दीड महिना सात माणसांचं माझ्यावाचून अडणार आहे. घरी येईपर्यंत हीच गोष्ट मनात घोळत होती.

४ मार्च, मंगळवार

कॅप्टनने प्रत्येकाची कार्डं तपासली. २०२० मध्ये जगातल्या सहा निरनिराळ्या पद्धती मोडीत काढून हँडिकॅपची, म्हणजे कुणाला किती फटक्यांची सूट द्यायची ते ठरवण्याची, एकच पद्धत आली: शेवटच्या वीस फेऱ्या घ्यायच्या, त्यांतल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी काढायची आणि कोर्स किती अवघड आहे ते त्यात धरायचं. चांगली झालेली फेरी नोंदवायचीच नाही आणि हँडिकॅप फुगवून ठेवायचा, ही चलाखी करणारे सगळीकडे भेटतात. आमच्या कॅप्टनला त्याचा मनस्वी तिटकारा आहे. "कार्ड नाही तर संघात नाव नाही," एवढंच तो म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. हँडिकॅप खरा असला तरच साठीचा माणूस आणि ऐंशीला टेकलेला माणूस एकमेकांशी ईर्षेने खेळू शकतात. मिळणारे फटके ही कुणाची मेहेरबानी नव्हे, तो हिशेब आहे. हिशेब चोख झाला की मग कुणी कुणासाठी हातचं राखून खेळायचं कारण उरत नाही.

८ मार्च, शनिवार

पहिला सामना, आमच्याच कोर्सवर, छावणीच्या क्लबशी. आमच्यासमोर एक निवृत्त विंग कमांडर आणि औषधांचे एक घाऊक व्यापारी. त्यांचे हँडिकॅप १२ आणि १५, माझा १८, डॉक्टरांचा २२. फोरबॉलच्या सामन्यात त्याचे नव्वद टक्के धरतात. ते झाले ११, १४, १६ आणि २०. सर्वांत कमी विंग कमांडरांचा, म्हणून त्यांना काही नाही, व्यापाऱ्यांना तीन, मला पाच आणि डॉक्टरांना नऊ होलवर एकेक फटका. टी-ऑफच्या आधी चौघांनी हे आकडे कार्डावर मांडले, हात मिळवले आणि पावणेसातला निघालो.

चौदाव्या होलवर आम्ही एकने मागे होतो. व्यापाऱ्यांचा चेंडू पाण्यात गेला आणि त्या होलपुरते ते बाद झाले. विंग कमांडरांचा चेंडू डावीकडच्या रफमध्ये, जाळीलगत वाळक्या गवतावर पडला होता. आम्ही बाकीचे फेअरवेच्या दुसऱ्या अंगाला होतो. त्यांचा कॅडीही झेंड्याकडे पुढे गेला होता. त्यांनी क्लब चेंडूमागे टेकवला, थबकले, क्लब उचलला आणि आमच्याकडे वळून हात वर केला.

"हलला. एक फटका मांडा."

आमच्यापैकी कुणीही ते पाहिलं नव्हतं. गवताची काडी दबली असेल, चेंडू अर्धा वेढा फिरला असेल. त्यांनी वाकून तो होता तिथे परत ठेवला आणि खेळले. होल त्यांचा सहात, आमचा पाचात. सामना बरोबरीत आला आणि अठराव्यापर्यंत बरोबरीतच राहिला. अर्धा गुण आम्हाला, अर्धा त्यांना. एकूण निकाल २–२.

१९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सने असाच, कुणी न पाहिलेला फटका स्वतःच्या नावावर मांडून घेतला होता. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला, तरी त्याने हट्टाने मांडला. शेवटी विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि प्ले-ऑफमध्ये तो हरला. ही गोष्ट गोल्फ शिकणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. मीही ऐकली होती. पण तीच गोष्ट ऐन चुरशीत, सत्तरीतल्या माणसाकडून, सकाळच्या उन्हात समोर घडताना पाहणं फार वेगळं. घरी आल्यावर जेवणाच्या ताटावरही मी त्याबद्दलच बोलत होतो.

१४ मार्च, शुक्रवार, धूलिवंदन

मुलगी, जावई, नात आले होते. पुरणाचं पातेलं उतरवायला उठलो तर "राहू द्या, बाबा." नातीची सायकल जिन्यावरून खाली न्यायला निघालो तर "राहू द्या." गाडीच्या किल्ल्या हातात घेतल्या तेव्हाही तेच. सगळं मायेपोटी असतं. मुलगी गुणी आहे, तिला काय बोलणार? पण दिवसभर हे ऐकलं की संध्याकाळपर्यंत हात खरोखरच जड वाटू लागतात.

२२ मार्च, शनिवार

टेकडीवरच्या क्लबकडून १–३ हार. आमच्या जोडीचा गुणही गेला.

चढ असा की तिथले सगळे सदस्य कार्टमधूनच फिरतात. आमचे कर्नल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. यजमानांनी आपुलकीने कार्ट पुढे आणली, तिला त्यांनी नमस्कार केला आणि चालत निघाले. अठरा होल म्हणजे आठ-नऊ किलोमीटर, त्यात ती चढण. पंधराव्या होलवर त्यांचा सामना संपला, तीन होल राखून ते हरले. तरीही उरलेले तीन होल चालूनच आले. त्यांचं ध्येय संघातल्या सगळ्यांना पाठ आहे: वयाइतके फटके. पारच्या सहा फटके वर, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. आज ते साधणार नव्हतं. पण दर वाढदिवसाला हे ध्येय एका फटक्याने जवळ येतं, असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे.

परतताना गाडीत ते ब्राऊनच्या आठवणी सांगत होते. लहान ठाण्यांतल्या लष्करी कोर्सवर ग्रीन राखायला पाणी नसायचं. होलभोवती वाळूत तेल मिसळून ती दाबून सपाट करत, त्यालाच ब्राऊन म्हणत. पट मारून झाला की पुढच्यांसाठी फळीने वाळू सारखी करून मग पुढे जायचं. मला हे ऐकायचंच होतं. आयुष्य पाण्याच्या हिशेबात गेलेल्या माणसाला मार्च-एप्रिलमधली हिरवीगार फेअरवे पाहून आनंद होत नाही. गावोगावी टँकर फिरत असताना कोर्सवर पिण्याच्या पाण्याचा एक थेंबही पडता कामा नये. प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरावं, तेही टी आणि ग्रीन जगवण्यापुरतं. फेअरवे जूनपर्यंत खुशाल पिवळी पडू द्यावीत. पिवळ्या फेअरवेवर चेंडू उलट लांब घरंगळतो, आमच्या वयाला तेवढीच मदत. कमिटीच्या बैठकीत मी हे मांडत आलो आहे आणि मांडत राहणार आहे.

मागच्या सीटवर विषय निघाला टॉम वॉटसनचा. २००९ ची ब्रिटिश ओपन, टर्नबेरी. वय एकोणसाठ. शेवटच्या होलवर आठेक फुटांचा पट पडला असता तर गोल्फमधली सर्वांत जुनी स्पर्धा साठीला आलेल्या माणसाने जिंकली असती. तो चुकला आणि प्ले-ऑफ स्टुअर्ट सिंकने जिंकला. डॉक्टर म्हणाल्या, त्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. कर्नल म्हणाले, "मला तर तो चार दिवस त्या पटपर्यंत पोचला कसा, हेच पुरेसं आहे."

२६ मार्च, बुधवार

सरावाला गेलो होतो. सहाव्या होलच्या फेअरवेवर, उजव्या कडेला, टिटवी डोक्यावरून एकसारखी ओरडत घिरट्या घालू लागली. मामांनी बॅग खाली ठेवली आणि मला जागीच थांबवलं.

मामा माझे कॅडी. एकसष्ट वर्षांचे. या कोर्सवर ते पोरवयापासून आहेत.

त्यांनी बोट दाखवलं तरी मला काही दिसेना. घरटं म्हणजे जमिनीत बशीएवढा उथळ खळगा. काटकी नाही, पान नाही. भोवताली हरभऱ्याएवढे खडे तेवढे मांडलेले. आत चार अंडी. मातकट रंगावर काळेकरडे ठिपके, टोकं आतल्या बाजूला वळलेली. नजर हलली की पुन्हा खडे आणि अंडी एकच होऊन जातात. मामांनी चार काटक्या रोवल्या, त्यांना लाल फडक्याच्या चिंध्या बांधल्या आणि गवत कापायचं यंत्र चालवणाऱ्या माळ्याला जाऊन सांगून आले. टिटवी लांब जाऊन एक पंख ओढत लंगडल्यासारखी चालू लागली, आम्ही तिच्या मागे जावं म्हणून. आम्ही सातव्या होलकडे निघालो तशी ती परत येऊन बसली.

गोल्फच्या नियमांत हीदेखील सोय आहे. फटका मारताना किंवा पाय रोवताना जमिनीवरचं घरटं मोडण्याची शक्यता असेल तर ती जागा दुरुस्तीखालची जमीन धरतात. कमिटीने खुणा केलेल्या नसल्या तरी चेंडू दंडाविना बाजूला घेता येतो. २०१९ मध्ये नियम नव्याने लिहिले गेले, तेव्हाच्या व्याख्येत हे स्पष्ट घातलं आहे. नियमपुस्तकातली मला सर्वांत आवडणारी ओळ हीच.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

गुढी उभारली. शिडीवर मीच चढलो.

५ एप्रिल, शनिवार

तिसरा सामना आम्ही ३–१ ने जिंकला. आमची जोडी तीन होल वर. साखळीत सहा गुणांनी दुसरे आलो, छावणीवाले पहिले. अंतिम सामना त्यांच्याच कोर्सवर.

सहाव्या होलवर समोरच्या संघातल्या बाईंचा चेंडू काटक्यांपासून दोन पावलांवर थांबला. त्या वाकून पाहायला गेल्या आणि टिटवीने त्यांच्या टोपीवरूनच झेप घेतली. नियम त्यांना माहीत होता, मामांनी तो जागेवर दाखवला. चेंडू बाजूला घेतला, गुडघ्याच्या उंचीवरून सोडला आणि त्यांनी पाच नंबरच्या हायब्रिडने असा सुरेख फटका मारला की तो होल आम्ही गमावला. मामा टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

१२ एप्रिल, शनिवार

पहाटे उठल्याउठल्या बातमी वाचली: बर्नहार्ड लांगर कटमधून एका फटक्याने बाहेर. वय सदुसष्ट, माझ्याच बरोबरीचा. १९८५ आणि १९९३ चा मास्टर्स विजेता, आणि ही त्याची शेवटची मास्टर्स. शेवटच्या होलवर बोगी झाली नसती तर शनिवार-रविवार तरण्या पोरांसोबत खेळला असता. ऑगस्टाच्या कोर्सवर सदुसष्टाव्या वर्षी दोन दिवसांत १४७ फटके! तिथे वयाचा फटका मिळत नाही. सकाळी गाडीत डॉक्टरांना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग आज आपण नीट खेळू या."

आणि नीटच खेळलो. समोर पुन्हा विंग कमांडर आणि व्यापारी. आमची जोडी शेवटची. सतराव्यावर पोचलो तेव्हा पुढच्या तिन्ही जोड्यांचे निकाल आले होते: एक आम्ही जिंकलो, एक ते, एक बरोबरीत. म्हणजे दीड-दीड. आमचा सामनाही बरोबरीत. अठराव्याच्या टीवर आलो तेव्हा दोन्ही क्लबांची माणसं ग्रीनमागच्या झाडाखाली जमली होती. कर्नल उन्हात उभे होते.

चार पारचा होल. मी दुसऱ्या फटक्याला बंकरमध्ये गेलो, तिथून काही निष्पन्न झालं नाही. डॉक्टर मात्र ओळीने सरळ खेळल्या. तिसऱ्या फटक्याला ग्रीनवर, तिथून दोन पट, पाच. अठराव्यावर त्यांना एक फटका मिळतो, म्हणून धरला चार. व्यापारी पाचात. विंग कमांडरांचा चारासाठीचा पट राहिला, चार फुटांचा, किंचित उताराचा. तो चुकला तर करंडक आमचा. पडला तर २–२, आणि बरोबरीत साखळीतल्या पहिल्या संघाला करंडक, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता.

मॅचप्लेत समोरच्याचा पट सोडता येतो. "घेतला" म्हणायचं आणि हात मिळवायचा. आठ मार्चचा तो वर केलेला हात माझ्या डोळ्यांसमोर होता. डॉक्टरांच्याही असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मामा मागून हलकेच म्हणाले, "खेळू द्या त्यांना, साहेब." आम्ही दोघं काही बोललो नाही.

त्यांनी खाली बसून उतार पाहिला, उठले, एकदा हवेत पटर हलवला आणि मारला. चेंडू डाव्या काठाने आत गेला.

करंडक त्यांचा. वाईट वाटलं, खूप वाटलं. सदुसष्टाव्या वर्षीही हरल्याचं इतकं लागतं याचं बरंही वाटलं. जेवताना कुणीतरी १९६९ च्या रायडर कपचा दाखला दिला. रॉयल बर्कडेलला जॅक निकलॉसने टोनी जॅकलिनचा दोनेक फुटांचा शेवटचा पट सोडला आणि स्पर्धा १६–१६ अशी बरोबरीत सुटली. दिलदारपणाचा नमुना म्हणून ती गोष्ट सांगतात. अमेरिकेचे कॅप्टन सॅम स्नीड यांना मात्र ते रुचलं नव्हतं, आणि मी स्नीडच्या बाजूचा आहे. निकलॉस आणि जॅकलिन तेव्हा तिशीच्या आतले होते, त्यांचं निराळं. आमच्या वयाला घरात, बँकेत, बसमध्ये, रांगेत सगळे सगळं सोडूनच देत असतात. विंग कमांडर भल्या सकाळी उठून, गुडघ्याला पट्टा बांधून आले होते ते तो चार फुटांचा पट मारायला. तो त्यांच्या हातून काढून घेण्याचा आम्हाला काय अधिकार?

१४ एप्रिल, सोमवार

पहाटे टीव्हीवर मास्टर्स. मॅकिलरॉयने अठराव्यावर पाचेक फुटांचा पट घालवला, जस्टिन रोजशी बरोबरी झाली, आणि मग प्ले-ऑफच्या पहिल्याच होलवर बर्डी करून तो जिंकला. चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा सहावा खेळाडू. गुडघ्यांवर कोसळून तो रडला तेव्हा बाहेर उजाडायला आलं होतं.

सोमवारी कोर्स सदस्यांना बंद असतो. तो दिवस कॅडींच्या खेळाचा. संध्याकाळी आंबेडकर जयंतीच्या मिरवणुका म्हणून त्यांनी आज डाव लवकर उरकायचं ठरवलं होतं. मामा खेळताना पाहावेत म्हणून मुद्दाम गेलो.

चौघांत मिळून एक बॅग. क्लब निरनिराळ्या कंपन्यांचे, सदस्यांनी टाकून दिलेले. काहींच्या मुठीवर सायकलच्या हँडलचं रबर चढवलेलं. मामा क्लब उलट्या हातांनी धरतात: उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात वर असतो, त्यांचा खाली. पोरपणी काठीने दगड टोलवताना हात असेच बसले ते बसले. डर्बनचा पापवा सेवगोलम असाच खेळायचा. भारतीय वंशाचा, कॅडी म्हणून वाढलेला. त्याने डच ओपन तीनदा जिंकली, आणि १९६३ मध्ये नाताळ ओपन जिंकल्यावर वर्णभेदामुळे क्लबहाऊसमध्ये पाऊल ठेवता येत नव्हतं म्हणून त्याला करंडक बाहेर पावसात दिला गेला. मामांना हे सांगितलं. ते ऐकत राहिले, मग म्हणाले, "बक्षीस दिलं ना पण? जिंकला होता म्हणून द्यावंच लागलं."

पहिले नऊ होल त्यांनी ३९ फटक्यांत केले. पार ३६. आमच्या संघातल्या एकाचाही नऊ होलांचा असा आकडा या लीगमध्ये झाला नाही. एकसष्ट वर्षांचा हौशी गोल्फर, आणि लीगच्या प्रत्येक शनिवारी तो माझी बॅग ओढत होता.

१९ एप्रिल, शनिवार

लीगचं समारोपाचं जेवण आमच्या क्लबवर झालं. करंडक विंग कमांडरांच्या कॅप्टनने स्वीकारला. कर्नलांना चालत पूर्ण केलेल्या सगळ्या फेऱ्यांबद्दल उभं राहून टाळ्या मिळाल्या.

चारही क्लबांचे कॅप्टन एकत्र होते म्हणून मी अर्ज तिथेच दिला. मागणी दोन ओळींची: पुढच्या वर्षीपासून प्रत्येक संघात पाचवी जोडी साठी पूर्ण झालेल्या कॅडींची असावी, आणि लीगच्या कामासाठी त्यांना सदस्यांच्याच पद्धतीने हँडिकॅप द्यावा. खाली कारणं लिहिली. कॅडी म्हणून काम केल्याने हौशी दर्जा जात नाही, नियमांची आडकाठी नाही. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी म्हणूनच घडला. लीग ज्येष्ठांची असेल तर कोर्सवरचे सगळेच ज्येष्ठ तिच्यात आले पाहिजेत. डॉक्टरांनी आणि कर्नलांनी सह्या केल्या. विंग कमांडरांनी अर्ज वाचला, खिशातून पेन काढलं आणि त्यांच्या क्लबच्या बाजूने सही केली. टेकडीवाल्यांच्या कॅप्टनला सदस्यत्वाच्या नियमाची अडचण वाटते. जूनच्या बैठकीत विषय घेऊ, एवढं ठरलं. मी बैठकीला जाणार आहे.

निघताना मामा पार्किंगजवळ भेटले. बातमी त्यांच्यापर्यंत माझ्या आधीच पोचली होती. आनंद वगैरे त्यांनी काही दाखवला नाही. माझी बॅग डिकीत ठेवली, झाकण लावलं आणि विचारलं, "वीस कार्डं लागतात म्हणता ना? मग येत्या सोमवारपासूनच भरायला घेऊ. सही कोण करणार तेवढं सांगा."

मी करणार, म्हणालो. दर सोमवारी सकाळी सहाला.